निवेदन की न्यायदंडाधिकारी? निवडणुकीतल्या हाणामारीनंतर कुठला रस्ता धरावा

ग्रामपंचायतीचा निकाल तहसीलला लागतो आणि डोकी गावात फुटतात. गुलालाची मिरवणूक हरलेल्याच्या दारासमोर मुद्दाम थांबते, डीजे वाढतो, कोणी काही बोलतं आणि कुऱ्हाडीचे दांडे निघतात. इथवरचं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पारावर प्रश्न निघतो तो पुढचा: मारणाऱ्यांच्या पाठीशी पुढारी आहे, ठाण्यातून काही हलत नाही, तर तालुक्याला मोर्चा न्यायचा की वकील गाठून कोर्टात अर्ज टाकायचा? दोन्ही एकदम पेलतील इतके पैसे आणि माणसं बहुतेक गावांत नसतात. डिसेंबरात निवडणूक असली तर कापसाची वेचणी सोडून रोज कोण येणार?

तिसरा रस्ता तंटामुक्ती समितीचा. २००७ पासून समित्या आहेत, आणि बांधाच्या किंवा सांडपाण्याच्या भांडणाला त्या उपयोगी पडतात. निवडणुकीच्या मारहाणीत मात्र समितीचा अध्यक्ष बहुधा दोन पॅनलांपैकी एकाचाच असतो. तो रस्ता इथेच सोडतो.

दोन्हीच्या आधी ठाणं

रस्ता कुठलाही धरा, पाया पहिल्या चोवीस तासांत पडतो. ठाण्यात बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते: भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२, ३५१(२) ही कलमं, म्हणजे साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. तिन्ही अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यांचा तपासच होत नाही. घरी येऊन माणूस सांगतो, 'रिपोर्ट देऊन आलो', आणि महिनाभर गाव तपासाची वाट पाहत बसतं.

प्रकरण दखलपात्र ठरतं ते ठरावीक गोष्टींनी. पाच किंवा अधिक जण मिळून आले असतील तर दंगा, १९१(२). घातक हत्यार असेल तर ११८(१) आणि १९१(३). हाड किंवा दात मोडला असेल, अथवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर गंभीर दुखापत, ११७(२). जुन्या दंड संहितेत हे २० दिवस होते. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. म्हणून रिपोर्टमध्ये 'काठीने मारले' एवढ्यावर थांबू नका. सळाख असेल तर सळाख लिहा, दांडा असेल तर त्याला पातं होतं का तेही लिहा. आणि नसलेली नावं घुसवू नका. त्या दिवशी बाजाराला गेलेला एक माणूस आरोपींत आला की बाकी सहा जणांविरुद्धची तक्रारही संशयात जाते. अशी प्रकरणं पडतात ती बहुधा याच कारणाने.

दवाखान्यात जी चूक होते ती पुढे दुरुस्त होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक्स-रे बहुधा नसतो. डॉक्टर अभिप्राय राखून ठेवतात आणि उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतात. ती खिशात घालून माणूस घरी येतो, सूज उतरली नाही म्हणून आठव्या दिवशी खासगीत एक्स-रे काढतो, आणि मग बचावाचा वकील विचारतो, मधल्या सात दिवसांत बंडीवरून पडलात का? चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी जा. ठाण्याने मेमो (तपासणीसाठी दवाखान्याच्या नावे पत्र) दिला नसेल तरी थेट दवाखान्यात जाता येतं. मारहाणीची जखम आहे म्हटल्यावर तिथे एमएलसीची (पोलीस प्रकरणातल्या जखमेची) नोंद होते आणि दवाखानाच ठाण्याला कळवतो.

मोर्च्याचं बळ

मोर्च्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. ठाणेदाराची बदली, तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे जाणं, 'फरार' म्हणवणारा आरोपी उचलला जाणं, ही कामं गर्दीने होतात. मस्साजोगच्या सरपंचाची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. ते प्रकरण खंडणीचं, निवडणुकीचं नव्हे. पण विशेष तपास पथक, मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि ४ मार्च २०२५ ला मंत्र्याचा राजीनामा, हे सगळं मोर्च्यांशिवाय झालं असतं असं वाटत नाही. तिथे मात्र खून झाला होता आणि राज्यभर लोक रस्त्यावर होते. डोक्याला सहा टाके पडलेल्या माणसासाठी जिल्हा रस्त्यावर येत नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

खैरलांजीने याची दुसरी बाजू दाखवली. तिथल्या दलित कुटुंबाच्या २९ सप्टेंबर २००६ च्या हत्याकांडानंतर विदर्भ पेटला, तपास सीबीआयकडे गेला, २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टात शिक्षा झाल्या. तरी ॲट्रॉसिटीची कलमं ना तिथे टिकली, ना २०१० मध्ये नागपूर खंडपीठात. कारणं अनेक सांगितली जातात. सुरुवातीच्या तपासातली हेळसांड हे त्यांतलं एक. रेट्याने तपास यंत्रणा बदलते, पहिल्या आठवड्यात न जमवलेला पुरावा मात्र परत मिळत नाही.

मोर्च्याचा एक खर्च घोषणांच्या भरात कोणी मोजत नाही. निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७(१)(३) खाली जमावबंदी असतेच. परवानगी नसेल तर पुढे चालणाऱ्यांवर १३५ लागतं. शिक्षा किरकोळ, पण गावात जी पोरं पहाटे डांबरीवर धावून पोलीस भरतीची तयारी करतात, त्यांच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा दिसतो. मारणारे बाजूला राहतात आणि न्याय मागणारा पोरगा खुलासे देत फिरतो. परवानगीचा अर्ज लेखी द्या आणि भरतीवाल्यांना पहिल्या रांगेत उभं करू नका.

आणि मग निवेदन

माझ्यासाठी तराजू झुकला तो इथे. निवेदन देताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, आणि कागद प्रवासाला लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयात आवक नंबर पडतो. तिथून 'नियमोचित कार्यवाहीस्तव' पोलीस अधीक्षकांकडे. तिथल्या अर्ज शाखेतून 'चौकशी करून अहवाल सादर करावा' म्हणून एसडीपीओकडे (उपविभागीय पोलीस अधिकारी), एसडीपीओकडून ठाणेदाराकडे. ठाणेदार तो मार्क करतो गाव ज्याच्या बीटात येतं त्या जमादाराला. म्हणजे ज्याने एनसी फाडली त्यालाच. महिना-दीड महिन्याने फोन येतो, 'भाऊ, बयानाले या जरा ठाण्यात.' बयान होतं, खाली सही होते, आणि अहवालाची शेवटची ओळ जवळपास ठरलेली असते: सदर प्रकरणी यापूर्वीच अदखलपात्र नोंद असून अर्जदारास कोर्टात दाद मागण्याची समज देण्यात आली, अर्ज दप्तरी दाखल.

ट्रॅक्टर भरून माणसं नेली, दिवसाची मजुरी बुडवली, आणि दोन महिने फिरून आलेला कागद सांगतो काय, तर कोर्टात जा.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर नेलेल्या मोर्च्याचंही वेगळं होत नाही. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, बॅरिकेडशी अडायचं, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जायचं. मंत्री निवेदनावर 'तपासून कार्यवाही करावी' असा शेरा देतात. शेऱ्याखाली सही असते, मुदत नसते. तो कागदही शेवटी त्याच बीटात उतरतो.

कोर्टाचा रस्ता

कोर्टात निदान तारीख पडते आणि त्या तारखेला ठाण्याला आपलं म्हणणं लेखी द्यावं लागतं. फरक म्हटला तर एवढाच आहे. मला तो पुरेसा वाटतो. कोणाला वाटणार नाही.

फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि पायऱ्या आता कडक आहेत. आधी ठाण्यात लेखी रिपोर्ट, दोन प्रतींत, एकीवर पोच. पोच देत नसतील तर तोच कागद स्पीड पोस्टाने ठाणेदाराच्या नावे. मग कलम १७३(४) चा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना, तोही पोस्टानेच. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो इथे कामाचा नाही. कलमात 'लेखी आणि पोस्टाने' असंच आहे. पोस्टाची पावती आणि पोचल्याचं ट्रॅकिंग छापून ठेवा. उशीर केला तर ते ऑनलाइन दिसेनासं होतं. किती दिवस थांबायचं हे कायद्यात नाही, साधारण पंधरवडा धरावा. त्यानंतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली अर्ज, सोबत शपथपत्र. आधीच्या दोन्ही पायऱ्या तारखांसह शपथपत्रात हव्यात. शपथपत्राची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये प्रियांका श्रीवास्तव प्रकरणात घातली होती, आता ती कायद्यातच आली. अधीक्षकांची पायरी गाळली की अर्ज पडतो, आणि सर्वांत जास्त अर्ज याच पायरीवर घसरताना दिसतात. मॅजिस्ट्रेटने डोळे झाकून आदेश देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे. त्यामुळे 'आरोपींनी दहशत माजवली' असली मोघम वाक्यं कामाला येत नाहीत. कोणी, कशाने, शरीराच्या कुठल्या भागावर, किती वाजता, हे लागतं.

वकील विचारेल, १७५(३) की सरळ २२३ ची खासगी फिर्याद? जमत असेल तर पहिलं. पोलीस तपासात हत्यार जप्त होतं, कॉल रेकॉर्ड निघतात. खासगी फिर्यादीत सगळे साक्षीदार तुम्ही उभे करायचे, आणि नव्या कायद्यात दखल घेण्याआधी आरोपीचंही ऐकून घ्यावं लागतं. वेचणीच्या दिवसांत चार साक्षीदारांना एसटीने तीन-तीन तारखांना तालुक्याला नेणं काय असतं, ते नेणाऱ्यालाच कळतं. पहिल्या तारखेला चौघं येतात, तिसरीला एक.

मोबाइलच्या व्हिडिओचं एक सांगून ठेवतो. ग्रुपवर फिरलेली क्लिप नको. ज्या फोनवर काढली तो फोन जपा, विकू नका, फॉरमॅट मारू नका. साक्ष अधिनियमाच्या ६३(४) चं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, एक फोनवाल्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी आकडी खूण) येतं. चौकातल्या दुकानाचा सीसीटीव्ही थोड्याच दिवसांत स्वतःवरच पुन्हा रेकॉर्ड करतो. फुटेज जपून ठेवण्याचं पत्र दुकानदाराला आणि ठाण्याला दुसऱ्याच दिवशी द्या.

कोर्टाच्या रस्त्याचे दोष लपवण्यासारखे नाहीत. ठाण्याचं म्हणणं यायलाच दोन-तीन तारखा जातात. तेवढ्यात उलट गुन्हा दाखल होतो आणि तहसीलदारांसमोर दोन्ही बाजूंची चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेणारी) उभी राहते. आदेश मिळाला तरी तपास त्याच ठाण्याकडे येतो. पण आता गुन्हा नंबर असतो, आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं १९३(३) प्रमाणे बंधनकारक असतं. थेट हायकोर्टात जाऊ म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा साकिरी वासू निकाल वकिलाला विचारावा: आधी मॅजिस्ट्रेट, मग हायकोर्ट, असं तिथे स्पष्ट आहे. पश्चिम बंगालमध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात कलकत्ता उच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०२१ ला खून-बलात्काराची प्रकरणं सीबीआयकडे दिली खरी, पण तो प्रश्न राज्यभराचा होता, एका गावाचा नव्हे.

जखमी अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हिशोब बदलतो. मत दिलं किंवा दिलं नाही म्हणून, किंवा मतदानानंतर मारहाण, बहिष्कार झाला, तर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये (न) आणि (ओ) ही स्वतंत्र पोटकलमं आहेत, इंग्रजी प्रतीतली एन आणि ओ. ठाण्यात ती क्वचितच आपणहून लावतात; रिपोर्टमध्ये तो हेतू शब्दांत आला पाहिजे. १८-अ मुळे प्राथमिक चौकशीच्या नावाखाली गुन्हा थांबवता येत नाही आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. अशा वेळी मोर्चा आधी काढला तरी मी हरकत घेणार नाही.

निवडणुकीलाच आव्हान द्यायचं असेल तर ते वेगळं खातं आहे: ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १५, दिवाणी न्यायाधीशांकडे, निकालापासून १५ दिवसांत. मोर्च्याच्या तयारीत ही मुदत हमखास निघून जाते.

मोर्चा काढायचाच असेल तर

मग मागणी बदला. 'दोषींवर कठोर कारवाई करा' यावर कोणीही शेरा मारतो. आरोपींची खरी सुटका पुढे होते, सरकार खटला मागे घेतं तेव्हा. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघतात. कास्तकारांच्या रास्ता रोकोला त्यांचा आधार झाला, पण मिरवणुकीतल्या मारहाणीलाही कोणी 'राजकीय' म्हणून त्याच यादीत बसवू शकतं. आमदार-खासदारांवरचा खटला हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ ला सांगितलं. सरपंच आणि पॅनलप्रमुख त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी आहे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०: पीडिताचं ऐकल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घेऊ द्यायचा नाही. त्यासाठी पीडिताचा आजचा पत्ता आणि चालू मोबाइल कोर्टाच्या कागदावर हवा. पोट भरायला पुण्याला गेलेल्या फिर्यादीला नोटीस मिळतच नाही.

तर निवेदनात गुन्हा नंबर घाला, हा खटला मागे घेण्याच्या यादीत जाऊ नये असं लिहा, तपास त्या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्या असं लिहा. कोर्टाचा अर्ज टाकून झाला असेल तर त्याचा नंबरही. आणि पोच घेताना नुसत्या गोल शिक्क्यावर समाधान मानू नका. त्यावर तारीख पुसट उठते. आवक क्रमांक बाबूकडून पेनाने लिहून घ्या.