डिजिटल चेस क्लॉक, सहा महिने वापरल्यावर

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप चालला होता तेव्हा रोज कामावरून आलो की पहिली कॉमेंट्री लावायचो, जेवण नंतर. फायनलला सिंदारोवने वेई यीला टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडायच्या जलद डावांत) हरवलं आणि त्याच आठवड्यात मी हे घड्याळ मागवलं. आई म्हणाली भिंतीवर एक आहे ना चालू, ते काय वाईट?

वस्तू म्हणून ठीक आहे. दोन पेन्सिल सेलवर चालतं, त्यामुळे लाईट गेली तरी डाव थांबत नाही, आमच्या फोंड्यात हे सांगायलाच हवं. लिव्हरचा आवाज जरा जास्त, रात्री ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळलो की आतून हाक येतेच. सेटिंग मात्र डोकं खातं, ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असं स्वतः भरायला गेलो, एक बटण चुकलं की परत पहिल्यापासून. शेवटी भाच्याने करून दिलं, वय वर्षं अकरा.

पण पैसे वसूल झाले ते वेगळ्याच कारणाने. मला कायम वाटायचं माझी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कच्ची, म्हणून यूट्यूबवर तासतासभराची लेक्चर बघायचो, इटालियन झालं, कारो-कान झालं. काकांच्या जुन्या चावीच्या घड्याळावर खेळायचो तेव्हा किती वेळ कुठे गेला ते नीट कळायचंच नाही, काटा वेळ संपल्याची खूण करणाऱ्या फ्लॅगला टेकला की धावपळ. (इन्क्रिमेंट, म्हणजे दर चालीला थोडे सेकंद वाढवून मिळणं, ही माजी जगज्जेत्या बॉबी फिशरची कल्पना, १९८८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला होता. माणूस विक्षिप्त, पण याबाबतीत हात जोडतो.) असे ३० सेकंद मिळत असले की नियमाने शेवटपर्यंत चाली लिहाव्या लागतात, मग मी त्या चाली लिहायच्या कागदावर, स्कोअरशीटवर, प्रत्येक चालीशेजारी उरलेली मिनिटंपण टिपायला लागलो. आणि काय दिसलं? बाराव्या चालीपर्यंत ३५ मिनिटं खलास, आणि त्या सगळ्या चाली लेक्चरमध्ये बघितलेल्याच! सर पुढे काय म्हणाले होते ते आठवत बसायचो. मग पंचविसाव्या चालीला, जिथे खरंच डोकं लावायचं, तिथे चार मिनिटं शिल्लक आणि घोडा फुकट. मित्र म्हणतो, "अरे तू डाव खेळतोयस की तोंडी परीक्षा देतोयस?"

आता लेक्चर बघतो पण मध्येच पॉज करून पुढची चाल आपण शोधायची, वेळ लावून.

एप्रिलमध्ये म्हापशाला एक रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा खेळलो, सात डावांत साडेचार पॉइंट. त्यातला एक पॉइंट निव्वळ समोरच्याचा वेळ संपला म्हणून मिळालेला, तो लपवत नाही. एकदा उजव्या हाताने उंट हलवून डाव्याने घड्याळ दाबलं तर आर्बिटरने, म्हणजे पंचाने, टोकलं, ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. घरी मित्र काही बोलत नाही म्हणून ही खोड लागलेली.

तक्रार एकच पण मोठी, सेल संपत आल्याची खूण फार उशिरा येते. माझ्या जिंकत्या हत्ती-प्याद्याच्या एंडगेममध्ये स्क्रीन गेली, दोघांचाही वेळ उडाला आणि मित्र म्हणाला बरोबरी धरू. आता जास्तीचे सेल डब्यात ठेवतो. पाऊस सुरू झाला की दमट हवेत आतल्या पट्ट्यांना गंज धरतो का ते बघायचंय, तोवर पाचात चार.