इंडियन ओशन लाइव्ह: तबला ऐकू आला तर पैसे वसूल

इंडियन ओशनच्या शोला जुना चाहता जातो तो कॅसेट-सीडीच्या काळातला आवाज कानात घेऊन, आणि पहिली गडबड तिथेच होते. 1990 साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी उभा केलेला हा बँड आज दुसऱ्या घडणीचा आहे. असीम 2009च्या डिसेंबरमध्ये गेला, सुस्मित 2013 मध्ये बाहेर पडला. आता बास आणि गाण्याला राहुल राम, ड्रम्स आणि गाबगुबी या तारेच्या लोकवाद्याला अमित किलम, गायनाला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती, गिटारला निखिल राव. असीम मांडी घालून तबला वाजवत एकीकडे गायचा. ते काम आता दोघांत वाटलं गेलंय, त्यामुळे गाण्याला मोकळा श्वास मिळतो आणि तबल्यालाही. सुस्मितच्या ॲकॉस्टिक गिटारचा, सतारीवरच्या ‘झाला’ वादनासारखा सतत घुमणारा आधार मात्र आता नाही. निखिलची गिटार इलेक्ट्रिक, तिचा सूर लांब टिकतो. ज्याला ‘कंदिसा’ जसंच्या तसं हवंय त्याने घरी 2000 सालचा अल्बम लावावा. ज्याला तेच गाणं आज कुठवर आलंय हे ऐकायचंय त्याने तिकीट काढावं.

पण कुठलं तिकीट? सगळ्यात महागडं नाही. स्टेजला खेटून उभं राहिलं की कानावर येतात ते ड्रम्स आणि गिटारचा ॲम्प. गायकाचा आवाज ज्या मोठ्या स्पीकरांतून जातो ते दोन्ही बाजूंना टांगलेले असतात आणि त्यांचा मारा पुढच्या ओळींच्या डोक्यावरून जातो. स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर लावले असतील तर निभतं. चांगली जागा म्हणजे साउंडवाल्याच्या टेबलाच्या दोन-तीन ओळी पुढे, मध्यरेषेपासून थोडं बाजूला. तो माणूस त्याला जसं ऐकू येतं तसंच मिक्स करतो, म्हणून टेबलाजवळ. बाजूला यासाठी की डाव्या-उजव्या सबवूफरांचा खर्ज अगदी मध्यावर एकमेकांत मिळून फुगतो. सभागृहात बाल्कनीखालच्या शेवटच्या ओळी टाळा, तिथे खर्ज साचतो आणि शब्द कळत नाहीत.

या बँडच्या बाबतीत खर्जाची एवढी चौकशी का, तर तबल्यामुळे. डग्गा आणि बास गिटार जवळजवळ एकाच खर्जात बोलतात. दोघांनाही मोकळं सोडलं की नुसता घूं-घूं आवाज येतो, डग्ग्याची मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं, हरवते. त्यात तबला मुळात हळू आवाजाचं वाद्य, आणि शेजारी अख्खा ड्रमसेट. तबल्याचा माइक वाढवला की त्यात ड्रम्स शिरतात, समोरच्या मॉनिटरचा, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज शिरतो, आणि अजून वाढवला की शिट्टी वाजते. उपाय माहितीचेच आहेत: माइक पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या कातड्याच्या, अगदी जवळ, खालची नको ती कंपनं कापलेली, वादकांना मॉनिटरऐवजी इअरपीस. त्यासाठी नीट साउंडचेक लागतो, घाईत ‘हॅलो हॅलो, चेक’ म्हणून हे जमत नाही. पहिल्या गाण्यात डग्गा आणि बास वेगवेगळे ओळखू आले की निश्चिंत बसा. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंतही नाही आले तर चार पावलं सरकून बघा. बरेचदा दोष बँडचा नसतो, तुमच्या उभं राहण्याच्या जागेचा असतो.

नागपुरात असे कार्यक्रम बरेचदा हिवाळ्यात उघड्या मैदानावर होतात, आणि थंडी-दव वाद्यांनाही बाधतं. गारव्यात गिटारची तार आकसून सूर चढतो, दवाने तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरतो. दोन वाद्यं दोन दिशांना. म्हणून मध्येच हातोडी निघते आणि तबल्याचे लाकडी गट्टे ठोकले जातात. तेवढ्या वेळात राहुल राम गप्पा मारतो. त्या गप्पा हा शोचा अर्धा आनंद आहे, हे कबूल करायला हरकत नाही. नर्मदा आंदोलनात वावरलेला, पर्यावरणाच्या विषशास्त्रात पीएचडी केलेला हा माणूस, ‘मा रेवा’ या नर्मदेवरच्या गाण्याच्या आधी बोलतो तेव्हा मोबाइल खाली ठेवा.

अमितच्या गाबगुबीकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडच्या चौंडक्याच्या कुळातलं वाद्य आहे, तार ओढून-सैल करून सूर वाकवायचा. मोठ्या पडद्यावर बघाल तर हात आणि आवाज जुळत नाहीत असं वाटेल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 50 मीटर मागे उभ्या माणसाला तो सुमारे 0.15 सेकंद उशिरा पोचतो. चित्र तेवढ्यात येऊन गेलेलं असतं. मैदान खोल असेल तर मध्ये स्पीकरांचे मनोरे हवेत आणि त्यांचा आवाज तेवढाच थांबवून सोडलेला हवा. नाहीतर मागच्यांना प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते.

कानाचंही बघा. 100 डेसिबलला साधारण 15 मिनिटं ही अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा आहे आणि शो दीड-दोन तासांचा. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे तबल्याची किनार मरते आणि धपधप उरते. त्यापेक्षा संगीतासाठी बनवलेले, सगळे सूर बऱ्यापैकी सारखे कमी करणारे इअरप्लग घ्या. घरीच बसवून बघा. नीट बसले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, नाही घुमला तर फट राहिली.

बाकी सोयी थोडक्यात. कस्तुरचंद पार्कला असेल तर मेट्रोचं स्टेशन शेजारीच आहे, फक्त शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा. रेशीमबागेत कवी सुरेश भट सभागृहात असेल तर वर म्हटलेले बाल्कनीचे नियम लागू.

खरा घोळ वेळेचा. लाउडस्पीकरचा नियम रात्री 10चा. वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरतीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते. आता दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची चार भाषणं यांत पाऊण तास गेला की तो भाषणांतून वळता होत नाही, गाण्यांतून होतो. आणि बँड आपली हुकमी गाणी शेवटी ठेवतो, म्हणजे कात्री लागते ती ‘बंदे’ला नाहीतर ‘कंदिसा’ला. काहून बे, असं तेव्हा ओरडून उपयोग नाही. साडेनऊ झाले आणि दोन्ही गाणी बाकी असतील तर गाण्यांच्या मधल्या गप्पांत फर्माईश टाका. राहुल राम ऐकतो, उत्तरही देतो.