जिओ चालेल ना, हे मी दोनदा विचारलं होतं

एका जुन्या फोनचे २३,५०० रुपये. त्यातले १८,००० यूपीआयने आणि ५,५०० रोख, कारण दुकानातला पोरगा म्हणाला, 'थोडे कॅश द्या ना काका, तेवढं जमवून देतो'. लिहायला लाज वाटते. पण अमेरिकेतून आलेले जुने फोन पुण्याच्या बाजारात अजून तसेच खपवले जातायत, म्हणून लिहितोय.

मुलीला नाशिकला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिला न सांगता फोन घ्यायचा होता, म्हणून तिचं जिओचं सिम माझ्याजवळ नव्हतं. मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बघितला, तो १४४२२ वर मेसेज करून तपासला, बॅटरी बघितली, 'जिओ चालेल ना?' हे दोनदा विचारलं. 'सगळी सिम चालतात काका, बिनधास्त घ्या.' त्या पोराने स्वतःचं सिम टाकून माझ्या नंबरवर कॉल लावला. माझा फोन वाजला.

तेव्हाच कळायला हवं होतं. कॉल लागताना वरच्या कोपऱ्यातलं '४जी' गेलं आणि तिथे नुसता 'ई' आला. कॉल कट केल्यावर परत '४जी'. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि म्हटलं, दुकान आत आहे, रेंज कमी असेल. तो 'ई' अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या फोनला आपल्याकडे ४जीवरून कॉल करताच येत नव्हता, कॉलपुरता तो २जीवर उतरत होता. त्या पोराच्या सिमला २जी होतं, म्हणून त्याचं निभावलं. जिओ २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हापासून त्यांच्याकडे २जी नाही की ३जी नाही. साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जीच्या नेटवरून जातो. आणि डब्यावर व्होल्टी छापलेलं असून भागत नाही, आपल्या कंपनीचं सेटिंग त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावं लागतं. हा फोन तिकडच्या एका मोबाइल कंपनीसाठी बनवलेला. फक्त त्यांचंच सिम चालावं म्हणून घातलेला लॉक काढला होता, पण सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटणच नव्हतं.

घरी नेट चालू, व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणं चालू, पोरगी खूश. साधा कॉल लावून बघायचं कोणाच्या डोक्यात येतं? चौथ्या दिवशी तिची बस सिन्नरच्या अलीकडे बंद पडली, तिथे नेटही धड नव्हतं. रात्री साडेनऊपासून मी अकरा वेळा फोन लावला. अकराही वेळा 'संपर्क क्षेत्राबाहेर'. पावणेबाराला कंडक्टरच्या फोनवरून तिचा आवाज आला, तोवर तिच्या आईने पाण्याचा घोट घेतला नव्हता.

दुकानात गेलो तर म्हणे, 'फोन तर चालूच आहे. सिम पोर्ट करून घ्या.' परत घ्यायचे फक्त ९,०००. चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात 'इम्पोर्टेड, नो रिटर्न'. असली चिठ्ठी घेऊच नका, आयएमईआय घातलेलं पक्कं बिल मागा.

चौकीत साहेब म्हणाले, फोन सुरू होतोय, मग फसवणूक कसली? सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, चौकीत जा. परत चौकीत गेलो तर पक्कं बिल आणा! पक्कं बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, बारा दिवसांनी मेसेज आला: 'तक्रार निकाली'. कोणी काढली निकाली? मला एक फोन नाही, दुकानदाराला नोटीस नाही. तीन अर्धे दिवस रजा गेली आणि प्रत्येक टेबलावर मीच मूर्ख असल्यासारखं बघत होते.

स्वतःचं सिम खिशात घेऊनच जा. वायफाय बंद करून कॉल लावा, दुसऱ्या फोनवरून येणाराही घेऊन बघा, आणि बोलताना वर काय दिसतं तिकडे नजर ठेवा. 'घरी गेल्यावर दोन तासांनी चालू होईल' म्हणाला तर फोन तिथेच ठेवून उठा. रोख एक रुपया देऊ नका. माझ्या ५,५०० चा आता काही पुरावा नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी लागत नाही, हे मला परवा कळलं. डबा, चिठ्ठी आणि यूपीआयची पावती फाइलला लावली आहे, सोमवारी जातोय. काल त्या दुकानावरून गेलो. काचेवर पाटी तशीच आहे: 'सर्व सिम चालतील'.