म्युझिकबी: फुकट आहे म्हणून नाही, टॅगसाठी घ्या

स्ट्रीमिंगच्या जमान्यात स्वतःच्या डिस्कवर गाणी ठेवणारे आपण थोडे वेडे लोक, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. म्युझिकबी हा कॉम्प्युटरवर गाणी वाजवायचा आणि लावून ठेवायचा प्लेअर, २००८ पासून आहे, मुख्यतः एकाच माणसाने, स्टीव्हन मेयॉलने बनवलेलं, पैसे शून्य, आणि फक्त विंडोजवर. मॅकवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

दिसायला ठीक आहे, स्किन बदलता येतात, इक्वलायझर आहे, ते सगळं सगळीकडेच असतं. मला ते आवडतं ते टॅगमुळे, म्हणजे गाण्याच्या फाइलमधे लिहिलेल्या गायक, अल्बम वगैरे माहितीमुळे, कारण आपल्या गाण्यांची ओळख नुसत्या गायकावर संपत नाही. मराठी माणूस गाणं शोधतो ते "खळ्यांचं ते" किंवा "शांताबाईंचं ते" असं, आणि बरीचशी अ‍ॅप गायक आणि अल्बम सोडून फार काही विचारत नाहीत, गीतकार तर बिचारा कुठेतरी क्रेडिटमधे लपलेला. इथे कंपोजर आणि लिरिसिस्ट अशी दोन्ही फील्ड आहेत, वरच्या कॉलम ब्राउझरमधे ती लावा, म्हणजे गदिमा सिलेक्ट केले की त्यांच्या शब्दांना कोणी कोणी चाली दिल्या ते शेजारच्या कॉलममधे लगेच दिसतं. हे एवढं केलंत तरी डाउनलोड वसूल.

पण आधी नावांचा गोंधळ निस्तरावा लागतो. एकाच कलेक्शनमधे "सुधीर फडके", "बाबूजी" आणि रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगं असतात, सॉफ्टवेअरला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात. सगळी गाणी एकत्र सिलेक्ट करून एडिट उघडा, नाव एकदाच लिहा, सेव्ह. द्वंद्वगीत असेल तर दोन्ही गायक अर्धविराम देऊन लिहा, "आणि" किंवा स्वल्पविराम नको, मग ते गाणं दोघांच्याही नावाखाली येतं. आनंदघन म्हणजे लताबाईंनी संगीतकार म्हणून घेतलेलं नाव, तिथे मी कंपोजरमधे अर्धविराम देऊन दोन्ही नावं टाकते, शोधताना कुठलंही आठवो. आणि "पं." मुळे सगळे शास्त्रीय गायक प च्या खाली गर्दी करतात त्यावर उपाय एडिटमधल्या सॉर्टिंग टॅबमधे आहे, तिथे पंडित काढून नुसतं नाव लिहायचं, दाखवताना मान तसाच राहतो.

अल्बम आर्टिस्ट हे फील्ड रिकामं ठेवू नका!! एका नाटकाच्या पदांमधे चार गायक असले की अल्बमचे चार तुकडे होतात आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर वाईट आहे. तिथे नाटकाचं किंवा संगीतकाराचं नाव टाका, सगळं एकत्र येतं.

आता खरी मजा. प्रेफरन्सेसमधे टॅग्जच्या पानावर डिफाइन न्यू टॅग्ज असं बटण आहे, तिथे मी "राग" आणि "ताल" अशी दोन फील्ड बनवली. भरायला वेळ लागतो, खोटं कशाला बोलू, टीव्ही बघता बघता थोडं थोडं करायचं काम आहे ते. पण एकदा भरलं की ऑटो-प्लेलिस्ट बनवता येते: राग तोडी किंवा ललत किंवा भैरव असेल तर "सकाळ", मारवा-पूरिया असेल तर "दिवेलागण", आणि त्यात अट घालायची की गेल्या काही महिन्यांत वाजलेलं नको. नवीन रेकॉर्डिंग आलं, रागाचं नाव भरलं, की ते आपोआप त्या यादीत जाऊन बसतं. हे टॅग फाइलच्या आतच लिहिले जातात, दुसऱ्या प्लेअरला दिसतीलच असं नाही पण हरवत नाहीत. त्याच पानावर व्हर्च्युअल टॅगही असतात, त्यात गीतकार आणि संगीतकार जोडून एकच "जोडी" कॉलम करता येतो, फाइलला हात न लावता.

कॅसेटवरून गाणी उतरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट जी फार कमी जणांना माहीत असते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे अर्ध्या तासाची एकच फाइल, ती कापत बसू नका. नोटपॅडमधे एक क्यू फाइल लिहा, प्रत्येक गाण्याचं नाव आणि सुरुवातीची वेळ, वेळ मिनिट:सेकंद:फ्रेम अशी (एका सेकंदात ७५ फ्रेम, शेवटी ०० टाकलं तरी भागतं, पण आकडे मात्र इंग्रजीच), यूटीएफ-८ मधे सेव्ह करा नाहीतर देवनागरीचा चिवडा होतो. म्युझिकबी त्या एका फाइलची वेगळी गाणी दाखवतं आणि सलग ऐकलं तर मधे फट पडत नाही. कीर्तन, मैफल, नाट्यप्रवेश यांना हे फारच छान.

आवाजाचं म्हणाल तर जुन्या ७८ आरपीएमवरून उतरवलेली तीन मिनिटांची पदं अगदी हळू आणि लगेच पुढचं नवीन गाणं कानठळ्या बसवणारं, हा त्रास सगळ्यांनाच. टूल्समधे व्हॉल्यूम अ‍ॅनालिसिस चालवा, ते रिप्ले गेनचा आकडा (वाजवताना आवाज किती कमी-जास्त करायचा तो) टॅगमधे लिहितं, मूळ आवाजाला काही करायचं नाही. प्लेअरच्या सेटिंगमधे तो आकडा वापरायचं चालू करायला विसरू नका. मिसळीच्या यादीसाठी ट्रॅक मोड, अख्खी मैफल ऐकताना अल्बम मोड, नाहीतर आलाप आणि द्रुत एकाच पातळीवर येतात आणि चढत जाण्याची गंमतच जाते.

गाडीत पेन ड्राइव्ह लावणारे, तुमच्यासाठी: सिंक करताना म्युझिकबी फ्लॅकचं (दर्जा न घटवणाऱ्या मोठ्या फाइलींचं) एमपी३ करून देतं, मूळ फाइल जागच्या जागी. गाडीच्या स्क्रीनवर नावाऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर एकदा आयडी३ची (एमपी३मधे टॅग लिहायच्या पद्धतीची) आवृत्ती २.३ ठेवून बघा, जुन्या सिस्टिमना २.४ कळत नाही. देवनागरी फाँटच नसेल त्या डब्यात, तर मात्र काही उपाय नाही.

कमी काय? फोनसाठी अधिकृत अ‍ॅप नाही. मेनूत इतके पर्याय की पहिल्या दिवशी डोकं गरगरतं, आईला किंवा काकांना लावून द्यायचं असेल तर आधी कॉलम कमी करा. अल्बमची माहिती आपोआप आणायची सोय आहे पण जुन्या मराठी रेकॉर्डसाठी तिच्यावर विसंबू नका, हाताने भरा. आणि मोजून ऐकणाऱ्यांनो, किती वेळा वाजलं तो हिशोब लायब्ररीच्या एमबीएल फाइलमधे असतो, गाण्यात नाही, तेव्हा बॅकअप घेताना नुसता गाण्यांचा फोल्डर कॉपी करू नका, ती फाइलही उचला. पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती गाण्यांच्याच डिस्कवर टाकलीत तर दोन्ही एकत्रच राहतात, मी तशीच ठेवली आहे.