खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : दीड वर्षानंतर

ऑपरेशनला दीड वर्ष होत आलं. सावद्याच्या बाजारात कुणी भेटलं की अजून विचारतं, ‘आते पाय कसा शे?’ म्हणून सविस्तर लिहितोय.

मला ‘कॅम’चा त्रास होता. मांडीच्या हाडाचा गोळा त्याच हाडाच्या मानेला जुळतो तिथे जास्तीचं हाड. पाय पोटाशी दुमडून आत वळवला की ते खुब्याच्या वाटीच्या (गोळा जिथे बसतो त्या खोबणीच्या) कडेवर आदळतं आणि कडेची झालर, म्हणजे लेब्रम, फाटते. केळीत ठिबकची नळी बघायला उकिडवं बसलो की जांघेत अशी कळ यायची की उठताना खांबाला धरावं लागे. त्याआधी कितीतरी महिने कमरेचेच उपचार चालले होते.

दुर्बिणीतून जास्तीचं हाड घासलं, लेब्रम शिवला. छिद्रं बारीक, पण बरं होणं बारीक नाही! कुबड्या सुटल्यावरही पहिले काही महिने दुखणं कमी-जास्त व्हायचं. खरा फरक सहा महिन्यांनंतर कळला. आज मोटरसायकल, बागेतली चक्कर, जेवताना मांडी घालणं, सगळं जमतं. उकिडवं मात्र फार वेळ नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा भाग अजून बधिर आहे. खिशातला मोबाइल थरथरला तरी कळत नाही.

व्यायाम टाळून ऑपरेशनकडे धावू नका, हे मी कळकळीने सांगतो. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांची चाचणी छापून आली. वर्षभराने ऑपरेशनवाले खुब्याचा त्रास मोजणाऱ्या १०० गुणांच्या मापावर फिजिओवाल्यांपेक्षा सरासरी ६.८ गुणांनी पुढे होते. फरक खरा, पण सुधारणा दोन्हीकडे होती. ऑपरेशननंतरही फिजिओ चुकत नाहीच.

पुढची दहा वर्षं कशी जातील, हे बरंचसं शिल्लक कूर्चेवर, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत अस्तरावर ठरतं. ती किती उरली ते एक्स-रेतल्या फटीवरून कळतं. एक्स-रेत सांध्यातली फट २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर पुढे सांधा बदलण्याची वेळ येण्याची शक्यता बरीच वाढते. माझी फट चांगली होती, वयही चाळिशीच्या आत. तेव्हा सर्जनला आधी फट किती ते विचारा, आणि वाटी उथळ आहे का तेही. उथळ वाटीत नुसता लेब्रम शिवून बहुधा भागत नाही. तिथे वाटीचं हाड कापून फिरवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागू शकते, आणि तिच्यासाठी त्यातलाच मुरलेला सर्जन गाठावा लागतो.