हाताने फिरवायचा आइस क्रशर आणि घरची माय ताय: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी १,८०० रुपयांना हाताने फिरवायचा आइस क्रशर घेतला, तो केवळ माय ताय या रमच्या कॉकटेलसाठी. दर शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या घरी आम्हा दोघांपुरती, आणि पाहुणे आले तर पाच-सहा जणांची, माय ताय करायची असा शिरस्ता तेव्हापासून पडला आहे. जानेवारीतली कडाक्याची थंडी आणि एप्रिल-मेचे ऊन या दोन्ही टोकांना यंत्र वापरून झाल्याशिवाय त्याविषयी लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. टिकी पद्धतीच्या, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटाच्या अमेरिकी बारमधल्या, कॉकटेलमध्ये बर्फ हा रम आणि लिंबाच्या रसाइतकाच मोजूनमापून घालायचा जिन्नस आहे, हे या काळात मला पुरते पटले आहे.

माय ताय अमेरिकेतील ओकलंड येथे रेस्टॉरंटमालक व्हिक्टर बर्जरॉन, म्हणजेच 'ट्रेडर व्हिक', यांनी १९४४ मध्ये सिद्ध केली असे मानले जाते. टिकीचे आद्य प्रवर्तक डॉन बीच यांनीही तिच्यावर हक्क सांगितला होता. मूळ कृतीत जमैकाची मुरलेली रम, क्युरासाओ (संत्र्याच्या सालीचे गोड मद्य), बदामाचे सिरप, थोडा साखरेचा पाक आणि लिंबाचा रस एवढेच असते. हॉटेलांत तिच्या नावाखाली मिळणारा अननसाचा रस नंतर हवाईतून आला, आणि माझ्या मते त्याने बदामाची चव झाकून टाकली.

घरी स्थिरावलेले प्रमाण असे आहे: ६० मिली ओल्ड मंक रम, क्युरासाओच्या जागी १५ मिली ट्रिपल सेक (हेही संत्र्याचेच गोड मद्य), १५ मिली बदामाचे सिरप आणि २५ मिली लिंबाचा रस. ओल्ड मंकमध्ये व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा गोडवा मुळातच असल्यामुळे साखरेचा पाक मी तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून बंद केला. लिंबे आपली कागदीच वापरावीत. ती लहान असल्याने एका पेल्याला दीड-दोन लागतात, पण त्यांचा सुवास तीक्ष्ण असतो. रस मात्र आयत्या वेळीच पिळावा, कारण दुपारी काढून ठेवलेल्या रसाला संध्याकाळपर्यंत कडवटपणा येतो.

आता बर्फाविषयी. क्रशर घेण्यापूर्वी मी मिक्सरमध्ये बर्फ फिरवून पाहिला होता. त्याचा अर्धा भाग पीठ होतो, अर्धे खडे तसेच राहतात, आणि पेय पाच मिनिटांत पाणचट होते. गोळ्यासाठी किसतात तसला बर्फही चालत नाही, कारण तो रम ओतताच बसतो. हवा असतो तो भिजवलेल्या हरभऱ्याएवढा चुरा. त्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे पेय झपाट्याने गार होते आणि ठरावीक पाणी सुटून रमची धार मवाळ होते; उरलेला चुरा पेल्यात टिकून राहतो. क्रशरच्या दोन दातेरी रुळांमधून हा आकार पहिल्या दिवसापासून जवळपास एकसारखा निघाला आहे. एका पेल्याला मी दीडशे ग्रॅम चुरा वजन करून घेतो, आणि तेवढा निघायला साधारण पाऊण मिनिट हँडल फिरवावे लागते.

उन्हाळ्यात मात्र यंत्राने परीक्षा पाहिली. एप्रिलमध्ये संध्याकाळी सहा वाजताही ओटा तापलेला असतो. बर्फ रुळांतून जाता जाताच ओला होतो आणि भांड्यात रबरबीत गोळा साचतो. यावर एकच उपाय लागू पडला. यंत्राचा वरचा भाग आणि चुरा गोळा करण्याचे भांडे अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवावे, आणि बर्फ ट्रेमधून थेट क्रशरमध्ये टाकावा. वाटीत काढून ठेवलेला बर्फ वापरू नये. यंत्राबरोबर आलेले प्लास्टिकचे भांडे या गारठ्याने तडकले, तेव्हापासून त्या जागी स्टीलचा डबा आहे आणि तो अधिक बरा आहे.

दोष आणखीही आहेत आणि ते घेणाऱ्याला माहीत असायला हवेत. तळाची हवा खेचून चिकटणारी बैठक ग्रॅनाइटवर घट्ट बसते, पण आमच्या ओट्याच्या कडप्प्यावर ती दोन-तीन फेऱ्यांतच सुटते, त्यामुळे एका हाताने यंत्र दाबून धरावे लागते. हँडलच्या स्क्रूभोवती पावसाळ्यात गंज दिसला. पाचव्या महिन्यात आतले नायलॉनचे दातेरी चाक झिजून घसरू लागले. विक्रेत्या कंपनीला तीन पत्रे पाठवल्यावर पाच आठवड्यांनी नवे चाक आले, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूत हा भाग धातूचा असायलाच हवा होता, हे मी त्यांनाही स्पष्ट कळवले आहे. तेव्हापासून वापर झाला की यंत्र धुऊन, पुसून, उलटे करून पंख्याखाली वाळवतो. गंज पुन्हा दिसलेला नाही.

त्या पाच आठवड्यांत मी जाड पंच्यात बर्फ बांधून लाकडी दांडक्याने कुटला. अनेक बारमध्ये कापडी पिशवी आणि लाकडी हातोडा याच कामासाठी असतात, कारण कापड सुटलेले पाणी शोषून घेते आणि चुरा कोरडा राहतो. दोन पेल्यांपुरते हे उत्तम आहे. सहा जणांसाठी कुटताना खांदा भरून येतो आणि शेजाऱ्यांनाही आवाजाचा त्रास होतो.

बदामाचे सिरप घरीच करावे, हे मी आग्रहाने सांगेन. तयार बाटल्यांतल्या काही सिरपांना बदामापेक्षा इसेन्सचाच वास अधिक येतो. २०० ग्रॅम बदाम रात्रभर भिजवून, सोलून, पाणी घालून बारीक वाटावेत आणि मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळावेत. निघालेल्या दुधात वजनाइतकी साखर मंद आचेवर विरघळवावी. उकळी येऊ देऊ नये, नाहीतर ते फाटल्यासारखे होते. या सिरपात रूढीने घालतात ते संत्र्याच्या फुलांचे पाणी मला येथे मिळाले नाही, म्हणून मी दोन थेंब गुलाबपाणी घालतो. फ्रिजमध्ये हे दहा-बारा दिवस टिकते. वर साय जमल्यासारखा थर येतो, तो खराबी नव्हे. बाटली हलवून घ्यावी.

सर्वांत समाधानाची गोष्ट मात्र भांडी बाजारात मिळाली. कॅरिबियन बेटांवर चुऱ्याच्या बर्फातले पेय घुसळण्यासाठी टोकाला चहूबाजूंनी फांद्या फुटलेली एका झाडाची काठी दोन्ही तळहातांत धरून फिरवतात. हे समजताच मला ताकाची रवी आठवली. वीतभर लांबीची छोटी लाकडी रवी घेऊन आलो, आणि आता माय ताय शेकरमध्ये न हलवता उंच स्टीलच्या पेल्यातच घुसळतो. रूढ कृतीपासून ही फारकत आहे, हे मान्य आहे. पण साधारण वीस घुसळ्यांनंतर पेल्याच्या बाहेरून आधी धूसर वाफ धरते, मग पांढरे दव गोठू लागते आणि बोटाने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहते. तेव्हा थांबायचे.

आईने पहिल्यांदा रवी पाहिली तेव्हा ती म्हणाली, "अरे, मधूनमधून उलटी फिरव, म्हणजे तळाचं वर येईल." तसे केल्यापासून तळाशी सिरप बसत नाही. आई रम घेत नाही. तिच्यासाठी त्याच चुऱ्यावर बदामाचे सिरप, लिंबू आणि चिमूटभर जायफळ घालून पेला भरतो, वर पुदिन्याची डहाळी आणि पिळलेल्या लिंबाची अर्धी वाटी ठेवतो, आणि शनिवारी पहिला पेला तिचाच असतो.