एकच बॅटरी बदलावी की सगळा संच?

गाडीतल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक बसली की पहिला विचार हाच येतो: बसली तेवढी बदलू, चांगली आहे ती राहू दे. वरवर हिशोब बिनतोड आहे. पण जिला आपण ‘चांगली’ म्हणतोय तिनेही तेवढीच वर्षं, तेवढेच उन्हाळे काढलेले असतात.

आधी जोडणी बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

सिरीजमध्ये, म्हणजे 24 व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन एकीमागे एक जोडलेल्या असतील, तर जुनी-नवी जोडी मला अजिबात मान्य नाही. दोघींतून करंट एकच वाहतो, पण आल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालून बॅटऱ्या भरणाऱ्या जनित्राला, दिसते ती फक्त बेरीज. तो 28.4 व्होल्ट देतो आणि प्रत्येकीला 14.2 मिळाले असं धरून चालतो. प्रत्यक्षात जुनीची क्षमता घटलेली असते, ती लवकर भरते आणि तिचं व्होल्टेज वर चढतं. तिच्यावर 15.2 गेले, तर नवीच्या वाट्याला 13.2 उरतात. जुनी उकळते, पाणी पिते. नवी रोज अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं. वापरतानाही तेच: जुनी रिकामी झाली तरी नवीत दम असतो, मग जुनी आणखी पिळली जाते. दोघींचं व्होल्टेज सारखं राखणारा बॅलन्सर बसवून हा फरक थोडा सावरता येतो, पण जुनीची गेलेली क्षमता त्याने परत येत नाही. इथे दोन्ही एकदम बदला.

पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलेल्या असतील तर, प्रकरण जरा सौम्य. प्रत्येक बॅटरी आपल्या कुवतीप्रमाणे करंट देते-घेते. जुनीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून इन्व्हर्टरसारखा जड लोड आला की भार नवीवर पडतो. एवढंच असतं तर खपवून घेतलं असतं. खरी भीती सेल शॉर्ट होण्याची. 12 व्होल्टच्या बॅटरीतल्या सहापैकी एक सेल असा गेला की बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास येते आणि शेजारची नवी तिच्यात रात्रभर उतरत राहते.

माझ्या व्हॅनमध्ये हेच झालं. सगळं बंद असूनही सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या. मी आठवडाभर फ्रिजला दोष देत होतो. एकदा सहज हात लावला तर जुनीची एक बाजू कोमट लागली. केबल सोडून, दोन्ही वेगवेगळ्या चार्ज करून रात्रभर ठेवल्या: सकाळी मल्टिमीटरवर नवी 12.7, जुनी 10.6. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या म्हणतात तसं. फक्त इथे वाणही सारखाच होता.

मग पॅरललमध्ये एकच कधी बदलावी? माझी मर्यादा साधारण सहा महिन्यांची. उरलेली बॅटरी तेवढी ताजी, त्याच प्रकारची आणि तेवढ्याच अँपिअर-तासांची असेल, तरच. तीही तपासून: पूर्ण चार्ज, मग रात्रभर सुटी, सकाळी किमान 12.6 व्होल्ट. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणारं साधन, लावा. सगळे सेल 1.265 च्या जवळपास हवेत. एखादा इतरांपेक्षा 0.050 ने खाली असेल तर नाद सोडा. लोड टेस्टही, म्हणजे जड लोड लावून व्होल्टेज किती टिकतं याची तपासणी, करून घ्या, कारण नुसतं व्होल्टेज पुष्कळदा फसवतं.

नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीच्या जोडीला लिथियम लावायचा मोह होत असेल तर थांबा. दोघांचं विश्रांतीतलं व्होल्टेज वेगळं, चार्जिंगची पद्धत वेगळी. थेट जोडणी नकोच.

सगळा संच बदलायची तयारी नसेल, तर मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे फारकत. नवी बॅटरी दिवे-फ्रिजसाठी. जुनी लोड टेस्टमध्ये टिकली आणि इंजिन उचलण्याइतकी असेल तर फक्त स्टार्टरसाठी. मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही भरतील आणि बंद झाल्यावर एक दुसरीला खाणार नाही. स्टार्टरला क्षणभराचा जोर लागतो, खोल साठा नाही, त्यामुळे थोडी थकलेली बॅटरीही तिथे निभावते.

एकत्रच जोडणार असाल तर दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा. भरलेली आणि उतरलेली एकमेकींना लावलीत तर पहिलीच ठिणगी टर्मिनलवर दिसेल, आणि चार्जिंगच्या वेळी तिथे हायड्रोजन साचलेला असू शकतो.